फ्रेडरिक बूथ-टकर
फ्रेडरिक बूथ-टकर (२१ मार्च १८५३ – १७ जुलै १९२९) हे भारतातील मुक्तिफौजेचे संस्थापक व इंग्रज लेखक होते. त्यांचा जन्म मुंगेर येथे झाला. पंजाबात सनदी अधिकारी असताना जनरल विल्यम बूथ यांच्या कार्याकडे ते आकृष्ट झाले आणि त्यांनी नोकरी सोडली.

१९ सप्टेंबर १८८२ रोजी तीन सहकाऱ्यांसह ते मुंबईत उतरले. रस्त्यांवरील मिरवणुकांमुळे त्यांना अटक व तुरुंगवास घडला. साहेबी पोशाख टाकून त्यांनी भगवी वस्त्रे, अनवाणी राहणी आणि ‘फकीरसिंग’ हे नाव स्वीकारले. राज्यकर्त्या वर्गाला हेच अधिक खुपले असावे. पुढे बूथ यांची कन्या एमा यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांनी बूथ-टकर हे जोडनाव घेतले.

इंग्लंडमधील दारिद्र्यावरील बूथ यांच्या १८९०च्या गाजलेल्या ग्रंथाला पुरवणी म्हणून त्यांनी ‘डार्केस्ट इंडिया’ लिहिले. ते मुंबईतच छापले गेले. भिकारी, बेकार, कर्जबाजारी, व्यसनी, वेश्या आणि कैदी यांचा विचार त्यात येतो. भिक्षेकऱ्यांना संघटित करून घरोघरचे उरलेले अन्न गोळा करावे, कामे मिळवून देणारी कचेरी उघडावी, शहरातील निराधारांना शेतीवर वसवावे, अशा योजना त्यांनी मांडल्या. धर्मप्रसाराचा हेतू त्यांनी कोठेही लपवला नाही.

अमेरिकेतील कार्यानंतर १९०७ मध्ये ते भारतात परतले. सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहती त्यांच्या देखरेखीखाली आल्या. तेथे उद्योगशिक्षण होते, तसाच हजेरीचा जाचही होता; कैसर-इ-हिंद पदक मिळवून देणाऱ्या या कार्याची ही बाजू चरित्रकार सहसा झाकूनच ठेवतात. १९१९ मध्ये त्यांनी भारत सोडला. लंडन येथे त्यांचे निधन झाले.