प्रशांतचंद्र महालनोबीस

प्रशांतचंद्र महालनोबीस (२९ जून, १८९३ - २८ जून, १९७२) हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ होते. केंब्रिजमध्ये त्यांनी भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले. संख्याशास्त्र मात्र 'बायोमेट्रिका' या नियतकालिकाचे अंक अभ्यासून ते स्वतःच शिकले. १९२६ साली ओडिशातील ब्राह्मणी नदीला महापूर आला. नदीचे पात्र गाळाने उंचावले आहे, असे मानून अभियंत्यांनी काठचे बांध उंच करण्याची शिफारस केली. महालनोबीस यांनी सुमारे ६० वर्षांच्या नोंदी तपासून पात्र उंचावले नसल्याचे सिद्ध केले. बांध वाढविणे त्यामुळे निरर्थक ठरले. नदीच्या वरच्या भागात धरणे बांधावीत, असे त्यांनी सुचविले. १९३१ साली त्यांनी कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. त्यांचा जन्मदिवस भारतात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.