न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आणि पडद्याचा प्रश्न

मुंबईत १८४४ साली जन्मलेले बद्रुद्दीन तय्यबजी हे मुंबई उच्च न्यायालयातील पहिले भारतीय बॅरिस्टर. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना जामीन मंजूर करणारे न्यायमूर्तीही तेच. १९०३ मध्ये मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदावरून, प्रचलित पडदा धर्माज्ञेच्याही पलीकडे गेल्याचे त्यांनी स्वधर्मीयांसमोर निर्भीडपणे मांडले. सरकारी हुकमाची वाट न पाहता त्यांनी स्वतःच्या मुलींना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविले. १९०६ मध्ये लंडन येथे त्यांचे निधन झाले. पुढे २०१० मध्ये फ्रान्सने सार्वजनिक जागी चेहरा झाकण्यास कायद्याने बंदी केली. आयुष्यभर कायद्याची उपासना करणाऱ्या तय्यबजींनी मात्र ही सुधारणा आपल्याच उंबरठ्यापासून आरंभिली होती.