बीपीचा खरा दोषी किडनीच्या डोक्यावर बसला होता, जेरोम कॉन यांनी तो असा पकडला

बीपी वाढलं की पहिला सल्ला येतो, मीठ कमी करा. पण शरीरच मीठ सोडायला तयार नसेल तर?

हा प्रश्न जेरोम कॉन यांनी सोडवला. 1907 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्म, डॉक्टरकीचं शिक्षण मिशिगन विद्यापीठात आणि पुढचं सगळं करिअरही तिथंच.

दुसरं महायुद्ध सुरू होतं. अमेरिकन सैनिक उष्ण, दमट प्रदेशात लढत होते. माणसाचं शरीर अशा हवेला कसं सरावतं, यावर कॉन काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की काही दिवसांत घामातून आणि लघवीतून जाणारं मीठ कमी होतं. म्हणजे किडनीला कुणीतरी हुकूम देतंय. त्यांचा संशय किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर होता.

1953 मध्ये लंडनच्या सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी स्विस शास्त्रज्ञांसोबत तो हार्मोन वेगळा काढला. त्याचं नाव अल्डोस्टेरॉन.

1954 मध्ये कॉन यांच्याकडे 34 वर्षांची एक महिला आली. स्नायूंत ताकद नाही, अंगात पेटके, बीपी वाढलेलं आणि रक्तातलं पोटॅशियम एकदम कमी. कॉन यांना जुना संशय आठवला.

गणित सोपं आहे. अल्डोस्टेरॉन किडनीच्या बारीक नळ्यांना सोडियम परत रक्तात ओढायला लावतो. सोडियममागे पाणी येतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि बीपी चढतं. बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, म्हणून स्नायू गळून जातात.

त्या महिलेच्या दोन्ही अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढायचं ठरलं होतं. त्या गेल्या असत्या तर तिला जन्मभर औषधांवर जगावं लागलं असतं. पण ऑपरेशनमध्ये एकाच ग्रंथीत गाठ सापडली. गाठ काढली, पोटॅशियम सुधारलं, बीपीही उतरलं. आज या आजाराला कॉन सिंड्रोम म्हणतात.

पुढे कॉन यांनी सांगितलं की हा आजार दुर्मीळ नाही, बीपीच्या पाचपैकी एका रुग्णाला तो असू शकतो. अनेक डॉक्टरांना ते पटलं नाही. 1994 मध्ये कॉन गेले.

आता चित्र बदललंय. पोटॅशियम नॉर्मल असलेल्यांतही हा आजार सापडतो. 2025 मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने तर बीपीच्या सगळ्याच रुग्णांची यासाठी रक्ततपासणी सुचवली.