अश्वारोहिणी एव्हलिन कॅमेरन

एव्हलिन कॅमेरन यांचा जन्म १८६८ साली इंग्लंडमधील एका सधन घराण्यात झाला. घोड्यावर बसण्यात त्या मोठ्या तरबेज होत्या. विवाहानंतर त्या पतीसह अमेरिकेतील मोंटानाच्या विस्तीर्ण माळरानावर राहावयास गेल्या. पोलो खेळासाठी घोडे वाढवून ते इंग्लंडात विकावेत, असा उभयतांचा मनोदय होता. परंतु तो व्यवसाय बुडाला. एव्हलिनबाई खचल्या नाहीत. गाई दोहणे, लाकडे फोडणे, अवखळ घोड्यांना वळण लावणे, यांतील कोणतेच काम त्यांनी हलके मानले नाही.

त्या काळी स्त्रिया घोड्याच्या एकाच बाजूस पाय सोडून बसत. बाई मात्र दुभागलेला झगा घालून पुरुषांप्रमाणे मांड ठोकीत. त्याबद्दल माइल्स सिटी गावात त्यांना अटकेची धमकी मिळाली. पण त्यांनी आपली रीत सोडली नाही.

१८९४ साली त्या छायाचित्रणकला शिकल्या. अवजड कॅमेरा घेऊन त्या घोड्यावरून दूरदूर हिंडत आणि गुराखी, मेंढपाळ व शेतकरी यांची चित्रे घेत. ती विकून संसारास हातभार लागे. १९१५ साली पती निवर्तले, तरी त्यांनी माळरान सोडले नाही. १९२८ साली त्यांचे देहावसान झाले. एका मैत्रिणीने त्यांची छायाचित्रे जिवापाड जपली. म्हणूनच त्या कष्टाळू माणसांचे जीवन आज आपणांस पाहावयास मिळते.