लहरींवर मालकी न सांगणारे जगदीशचंद्र

मोबाइल कंपन्या ज्या रेडिओलहरींवरून आपले संभाषण वाहून नेतात, त्यांच्या पट्ट्यांचा लिलाव होतो. भारतात २०१० साली एकट्या थ्री-जी सेवेच्या लिलावातून सरकारी तिजोरीत सुमारे ६७ हजार ७०० कोटी रुपये जमा झाले. मात्र याच आकाशात काही पट्टे गावच्या गायरानासारखे मोकळे ठेवलेले आहेत. तेथे परवाना लागत नाही. ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत कोणीही यावे आणि इतरांना त्रास न देता वापर करावा. घरातील वाय-फाय त्यावरच चालते. गेल्या दशकात मोबाइल तंत्रज्ञानही या गायरानात उतरले आणि २०२२ साली पूर्ण झालेल्या फाइव्ह-जीच्या मानकांनी त्याची हद्द ७१ गिगाहर्ट्झपर्यंत नेली. या उंच पट्ट्यातील ६० गिगाहर्ट्झच्या लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून त्यांचा पद्धतशीर अभ्यास करणारा पहिला संशोधक कोलकात्यात होता आणि त्याला आपल्या शोधाचे पेटंट नको होते, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये, म्हणजे आजच्या बांगलादेशात झाला. वडील भगवानचंद्र ब्राह्मो समाजाचे अनुयायी आणि सरकारी अधिकारी. त्या काळी अधिकाऱ्याच्या मुलाने इंग्रजी शाळेत जावे, अशी रीत होती. भगवानचंद्रांनी मुलाला बंगाली शाळेत घातले. तेथे त्याच्या शेजारी एका कोळ्याचा मुलगा आणि वडिलांच्या मुस्लिम चपराशाचा मुलगा बसत असे. पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफों यांनी त्यांना प्रयोगांची गोडी लावली. १८८० साली ते वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेले. पण शवविच्छेदनगृहातील वासाने जुना ताप बळावला आणि तो अभ्यास सोडावा लागला. केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाची पदवी मिळवली. लॉर्ड रॅले हे तेथील त्यांचे गुरू.

१८८५ साली ते प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. गोऱ्या प्राध्यापकाला जे वेतन मिळे, त्याच्या दोन तृतीयांश भारतीयाला. त्यातही नेमणूक हंगामी म्हणून बोस यांच्या वाट्याला केवळ एक तृतीयांश येणार होते. त्यांनी तक्रार करीत पगार घेतला नाही आणि राजीनामाही दिला नाही. तीन वर्षे ते नित्यनेमाने शिकवत राहिले आणि वेतनाला त्यांनी स्पर्शही केला नाही. वडिलांवर कर्जाचा डोंगर होता, १८८७ साली अबलादेवींशी विवाह झालेला होता. तरीही हा हट्ट सुटला नाही. अखेर सरकारने नमते घेऊन पूर्ण वेतन मागील थकबाकीसह दिले आणि त्या रकमेतून वडिलांचे कर्ज फिटू लागले. पैशाविषयीची त्यांची पुढची भूमिका ज्यांना अव्यवहारी वाटते, त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. हक्काचा पैसा कसा मिळवावा हे या गृहस्थाला ठाऊक होते.

कॉलेजात संशोधनाची सोय नव्हती. चोवीस चौरस फुटांची एक खोली आणि हाताशी एक देशी तांबट-लोहार, एवढ्या सामग्रीवर त्यांनी १८९४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी काम सुरू केले. जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व सिद्ध केले होते. पण त्या लहरी कित्येक सेंटिमीटरांपासून मीटरपर्यंत लांब. लांब लहर अडथळ्याला वळसा घालते आणि प्रकाशासारखी सरळ जात नाही. प्रकाश आणि विद्युतलहर ही एकाच कुळातील भावंडे आहेत हे दाखवायचे, तर लहर आखूड हवी, असे बोस यांनी ओळखले. प्लॅटिनमच्या लहान गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून त्यांनी अडीच सेंटिमीटरांपासून पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरी मिळवल्या. पाच मिलिमीटर लांबीची लहर म्हणजे सेकंदाला ६० अब्ज कंपने, आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ.

या लहरींसाठी लागणारी उपकरणे बाजारात मिळणे शक्यच नव्हते. बोस यांनी ती मिळेल त्यातून घडवली. लहरींना दिशा देणारे कर्ण्याच्या आकाराचे तोंड त्यांनी वापरले, ज्याची सुधारित रूपे आजही सूक्ष्मलहरींच्या प्रयोगशाळेत दिसतात. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या जाड पुस्तकात पानोपानी कथिलाचा वर्ख घालून त्यांनी लहरींचे ध्रुवण साधले. तागाच्या जुड्यांना डावा-उजवा पीळ देऊन लहरींची कंपनपातळी फिरवता येते, हेही दाखवले. बंगालच्या शेतातला ताग इतक्या सूक्ष्म विज्ञानाच्या कामी यापूर्वी कधी आला नसेल! १८९५ साली कोलकात्यात झालेल्या जाहीर प्रात्यक्षिकात त्यांनी तारेविना दूरवरची घंटा वाजवली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडवला. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनसमोर हीच उपकरणे मांडून त्यांनी व्याख्यान दिले, तेव्हा टेबलावर मावणाऱ्या त्या सामग्रीने विद्वान चकित झाले.

याच सुमारास लंडनमध्ये गुलिएल्मो मार्कोनी हा इटालियन तरुणही बिनतारी संदेशाचे प्रयोग करीत होता. १८९६ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला होता. मार्कोनीने बोस यांचा शोध चोरला, असे आपल्याकडे आजही आवेशाने सांगितले जाते. हे विधान जसेच्या तसे स्वीकारण्याजोगे नाही. मार्कोनीचे ध्येय अंतर हे होते आणि त्यासाठी त्याने शेकडो मीटर लांबीच्या लहरी वापरल्या. बोस यांचे ध्येय लहरींचा स्वभाव जाणणे हे होते आणि त्यांच्या आखूड लहरी समुद्रापार जाणाऱ्या नव्हत्याच. मात्र डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडून आलेला संकेत मार्कोनीने ज्या पारायुक्त शोधकाने ऐकला, त्याचे मूळ बोस यांनी १८९९ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या लोखंड-पारा शोधकात आहे, असे अभियंता-इतिहासकार प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ साली साधार मांडले. मार्कोनीला १९०९ साली नोबेल मिळाले. त्या यशात कोलकात्याचा हिस्सा होता, एवढे म्हणणे न्यायाचे ठरेल.

तो हिस्सा मागण्याची संधी बोस यांच्याकडे चालून आली होती. मे १९०१ मध्ये लंडनमधील व्याख्यानाच्या थोडे आधी एका तारायंत्र कंपनीचा कोट्यधीश मालक पेटंटचा कागद घेऊन त्यांच्याकडे आला. व्याख्यानात सगळे उघड करू नका, पेटंट मी काढतो, नफा वाटून घेऊ, असा त्याचा प्रस्ताव होता. बोस यांनी तो नाकारला आणि मित्र रवींद्रनाथ ठाकूर यांना पत्राने कळवला. पाश्चात्त्य देशांतील पैशाची ही हाव पाहून ते खिन्न झाले होते. या जाळ्यात एकदा पाय अडकला तर सुटका नाही, अशी त्यांना धास्ती वाटत होती.

त्यांच्या सुहृदांना मात्र हे पटत नव्हते. भगिनी निवेदिता आणि अमेरिकन हितचिंतक सारा बुल यांनी आग्रह धरला आणि १९०१ साली अमेरिकेत अर्ज दाखल झाला. गॅलिना या खनिजस्फटिकाच्या शोधकासाठी २९ मार्च १९०४ रोजी पेटंट मंजूरही झाले. बोस यांनी त्याचा काडीइतकाही उपयोग केला नाही. अर्धवाहक स्फटिकाने रेडिओलहर टिपण्यातील त्यांचा अग्रहक्क १९५५ साली पिअर्सन आणि ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेले ब्रॅटन यांनी मान्य केला.

तोवर बोस लहरींपासून दूर गेले होते. सतत वापराने धातूचा शोधक थकतो, विश्रांतीने पुन्हा ताजा होतो, हे पाहून निर्जीव आणि सजीव यांच्यातील सीमेचे कोडे त्यांना पडले आणि उर्वरित आयुष्य वनस्पतींच्या संवेदनांना वाहिले गेले. लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांशी झालेला संघर्ष, वाढ मोजणारे क्रेस्कोग्राफ यंत्र, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. विद्युतलहरींचे काम त्यांनी अर्ध्यावर सोडले, ही खंत भौतिकशास्त्राच्या अभ्यासकाला वाटल्यावाचून राहत नाही.

पाच मिलिमीटरच्या त्या लहरी मात्र जवळजवळ शतकभर दुर्लक्षित राहिल्या. कारण हवेतच होते. ६० गिगाहर्ट्झच्या आसपास प्राणवायूचे रेणू ही लहर शोषून घेतात. एका किलोमीटरमध्ये तिची शक्ती या शोषणानेच सुमारे तिसाव्या हिश्श्यावर येते. दूरसंदेशासाठी हा दोषच. पण जी लहर लांब जात नाही, ती शेजाऱ्याला त्रासही देत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९९५ साली ५९ ते ६४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला केला आणि २०१६ साली ही मोकळीक ७१ पर्यंत वाढवली. मोबाइल तंत्रज्ञान आधी पाच गिगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यात आले, तेव्हा एक शिस्त त्याला पाळावी लागली. बोलण्याआधी ऐकायचे, दुसरे कोणी लहर वापरत असेल तर थांबायचे. साठच्या पट्ट्यात आखूड लहरींचे अरुंद झोत अचूक रोखता येत असल्याने ही अडचण आणखी कमी होते. ज्या पट्ट्याला गिऱ्हाईक नव्हते तो सर्वांचा झाला. त्यामागे बोस यांची उदात्त भावना नसून प्राणवायूची कृपा होती, हेही सांगितले पाहिजे. भारतात हा पट्टा मोकळा ठेवावा की पैसे घेऊन द्यावा, यावर मोबाइल कंपन्या आणि इंटरनेट कंपन्या यांच्यात वर्षानुवर्षे वाद झडला.

निवृत्तीनंतर ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, एकोणसाठाव्या वाढदिवशी, बोस यांनी आपली पुंजी ओतून कोलकात्यात संशोधन मंदिर उभारले. येथे लागलेल्या कोणत्याही शोधाचे पेटंट घ्यायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १९२० साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मार्कोनी जुलै १९३७ मध्ये निवर्तला. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी, एकोणऐंशी वर्षे पूर्ण व्हायला आठवडा उरला असताना, बोस यांनी गिरिडीह येथे देह ठेवला. २०१२ साली विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांच्या १८९४ ते १८९६ मधील प्रयोगांचा स्मृतिफलक प्रेसिडेन्सीच्या वास्तूत बसवला.