लोकांचा वकील : लुई ब्रँडाइस

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. या म्हणीत कोर्टाइतकाच वकिलावरही अविश्वास आहे. त्यातून वकील जर बड्या कंपन्यांचा असेल, तर पैसा आणि समाजसेवा यांची गाठ पडणे कठीणच, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील लुई ब्रँडाइस यांचे चरित्र मला मोलाचे वाटते, ते याच कारणासाठी. त्यांनी या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत आणि दोन्ही शेवटपर्यंत सांभाळल्या.

ब्रँडाइस यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५६ रोजी केंटकी राज्यातील लुईव्हिल येथे झाला. आईवडील प्राग शहरातून आलेले ज्यू निर्वासित. वडिलांचा धान्याचा व्यापार. मामा लुइस डेम्बित्झ हे वकील आणि गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. या मामांवर लुईची इतकी भक्ती की, त्याने आपले मधले नाव बदलून डेम्बित्झ असे घेतले. वडिलांच्या व्यापाराला ओहोटी लागली असतानाच, १८७५ साली, तो हार्वर्डच्या कायदा विद्यालयात दाखल झाला. पुढे डोळे इतके अधू झाले की सहाध्यायी पुस्तके वाचून दाखवीत आणि तो ऐकून लक्षात ठेवी. तरीही १८७७ साली तो वर्गात पहिला आला.

१८७९ मध्ये वर्गमित्र सॅम्युएल वॉरन यांच्या भागीदारीत त्यांनी बॉस्टन शहरात वकिलीची पेढी उघडली. कागद, चामडे, बूट तयार करणारे कारखानदार हे त्यांचे अशील. अशिलाचा कायदाच नव्हे, तर त्याचा धंदाही समजून घ्यायचा, ही त्यांची रीत होती. एका बूट कारखानदाराच्या कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांनी मजुरीचे दर तपासलेच. पण काम वर्षभर सलग मिळत नाही, हे खरे दुखणे असल्याचे ओळखून ते मालकालाच तोंडावर सांगितले. असा वकील कारखानदारांना हवाच होता. त्यामुळे त्यांना पैसा भरपूर मिळाला. पन्नाशीच्या सुमारास ते लक्षाधीश झाले होते.

मात्र हा पैसा घरात दिसत नसे. १८९१ साली त्यांचा विवाह अॅलिस गोल्डमार्क यांच्याशी झाला. सूझन व एलिझाबेथ या दोन मुली झाल्या. घर साधे, जेवण साधे, समारंभांना फाटा. अॅलिसबाईंची प्रकृती नाजूक होती. त्या दीर्घकाळ आजारी असत आणि अशा काळात मुलींकडे ब्रँडाइस स्वतः लक्ष देत. संध्याकाळ घरासाठी आणि ऑगस्ट महिना पूर्ण सुटीचा, हा नियम त्यांनी पाळला. वर्षाचे काम अकरा महिन्यांत होते, बारा महिन्यांत होत नाही, असे त्यांचे मत होते. लुईव्हिलला राहणारा थोरला भाऊ आल्फ्रेड याला ते आयुष्यभर नेमाने पत्रे लिहीत राहिले.

याच सुमारास सार्वजनिक कामासाठी फी घ्यायची नाही, असे त्यांनी ठरवले. पण मला सर्वांत विशेष वाटते ते पुढचेच. आपण लोकांसाठी वेळ दिला, की पेढीतील इतर भागीदारांचे उत्पन्न बुडते. आपल्या परोपकाराचा भुर्दंड त्यांना कशासाठी? म्हणून रेल्वे कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध लढताना खर्ची पडलेल्या तासांचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून आपल्याच पेढीला भरले. दान करणारे पुष्कळ असतात. दानाचा हिशेब इतका स्वच्छ ठेवणारे थोडे.

त्या काळी गरीब कामगार दर आठवड्याला काही सेंट भरून विमा उतरवीत. हप्ता वसूल करण्याचा खर्च अवाढव्य असे आणि हप्ता चुकला की भरलेले पैसेही बुडत. ब्रँडाइस यांनी आकडेमोड करून बचत बँकांमार्फत स्वस्त विमा देण्याची योजना आखली, सभा घेतल्या, आमदारांची मने वळवली. १९०७ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने तसा कायदा केला.

त्याच वर्षी दुसरे काम आले. ऑरेगन राज्यात धोबीखान्यात स्त्रियांना दिवसाला दहा तासांहून अधिक राबवण्यास बंदी होती. कर्ट म्युलर या मालकाला त्यासाठी दहा डॉलर दंड झाला आणि तो अपिलात थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. याच न्यायालयाने १९०५ साली बेकरी कामगारांच्या तासांवरील मर्यादा रद्द केली होती. ब्रँडाइस यांनी विनामूल्य वकीलपत्र घेतले. मेहुणी जोसेफिन गोल्डमार्क व तिच्या सहकारी स्त्रियांनी ग्रंथालये धुंडाळून देशोदेशींचे वैद्यकीय व कारखाना निरीक्षकांचे अहवाल गोळा केले. शंभरावर पानांच्या त्या कैफियतीत निव्वळ कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानांचा होता. १९०८ साली निकाल एकमताने राज्याच्या बाजूने लागला.

१९१६ च्या जानेवारीत अध्यक्ष विल्सन यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले आणि एकच गदारोळ उठला. माजी अध्यक्ष टॅफ्ट, हार्वर्डचे अध्यक्ष, नामांकित वकील विरोधात उभे राहिले. उघड आक्षेप वकिलीतील वर्तनावर होता. आडून ज्यू असल्याचा आकसही होता. चार महिन्यांच्या चौकशीनंतर, १ जून रोजी, सिनेटने ४७ विरुद्ध २२ मतांनी नेमणूक मंजूर केली. ते त्या न्यायालयाचे पहिले ज्यू न्यायमूर्ती ठरले आणि १९३९ पर्यंत त्या पदावर राहिले.

त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याची माझी इच्छा नाही. म्युलर खटल्यात स्त्री शरीराने दुबळी, हाच मुख्य आधार होता आणि पुढे तोच युक्तिवाद स्त्रियांच्या वाटेत आडवा आला. १९२७ मध्ये कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला ज्या आठ न्यायमूर्तींनी मान्यता दिली, त्यांत ब्रँडाइसही होते. घरात व समाजात इतका जागा असलेला माणूस त्या दिवशी गप्प कसा राहिला, याचे उत्तर मला मिळत नाही.

त्यांचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. वृत्तपत्रे आणि कॅमेरे माणसाच्या खाजगी आयुष्यात डोकावू लागल्यावर, १८९० साली, वॉरन आणि ब्रँडाइस यांनी खाजगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, तेव्हा न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात त्या लेखाचा परामर्श घेतलेला आहे.

५ ऑक्टोबर १९४१ रोजी ब्रँडाइस निवर्तले. जन्मगावच्या विद्यापीठातील कायदा विद्यालयाच्या ओवरीखाली त्यांचे आणि अॅलिसबाईंचे रक्षावशेष ठेवले आहेत. त्यावरून रोज विद्यार्थी वर्गात जातात. आपल्यातही उद्या कोणी वकील होतील, कोणी मोठ्या पगारावर कंपन्यांत जातील. पैसा मिळवण्यात कमीपणा नाही. तो मिळाल्यावर आपले किती तास कोणाच्या नावे मांडायचे, एवढा हिशेब मात्र आपला आपणच ठेवायचा असतो.