गाडीच्या काचेवर ओरखडा नेमका कशाने पडतो? २०० वर्षांपूर्वी याचं उत्तर देणारे फ्रीडरिश मोस कोण होते?

बुलढाणा जिल्ह्यातलं वडनेर भोलजी हे मलकापूर आणि नांदुऱ्याच्या दरम्यान, मुंबई-कोलकाता महामार्गावरचं गाव. उन्हाळ्यात या रस्त्यावरून तासभर गाडी चालवली की काचांवर धुळीचा थर बसतो. मग गाडी थांबते, डिकीतून कोरडं फडकं निघतं आणि काच खसाखसा पुसली जाते. काही महिन्यांनी ऊन तिरपं पडलं की त्याच काचेवर बारीक रेघांचं जाळं दिसू लागतं. काचेवर काळी किंवा रंगीत फिल्म असेल तर रेघा आणखी उठून दिसतात.

दोष बहुतेक वेळा फडक्याला किंवा काचेच्या दर्जाला दिला जातो. पण फडकं काचेपेक्षा कितीतरी मऊ असतं. मऊ वस्तू कठीण वस्तूवर ओरखडा पाडू शकत नाही. मग ओरखडा पाडतं कोण?

हा हिशोब ज्या मोजपट्टीने करता येतो, ती तयार करणाऱ्या माणसाचं नाव फ्रीडरिश मोस. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या नावाची कठीणतेची मोजपट्टी अनेकांनी पाठ केलेली असते. त्यांचं आयुष्य मात्र फारसं कुणाला माहीत नसतं.

खाणीपासून सुरुवात

मोस यांचा जन्म २९ जानेवारी १७७३ रोजी जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगररांगेजवळच्या गेर्नरोड या गावात झाला. हा सगळा भाग खाणींचा. हाले विद्यापीठात त्यांनी गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा अभ्यास केला. तिथून ते फ्रायबर्गच्या खाणशास्त्र अकादमीत गेले. त्या काळातले सर्वांत नावाजलेले खनिजशास्त्रज्ञ अब्राहम गोटलोब वेर्नर तिथे शिकवत होते. रंग, चमक, वजन, कठीणपणा अशा बाहेरून दिसणाऱ्या गुणांवरून खनिज ओळखायचं, ही वेर्नर यांची पद्धत होती. मोस यांच्यावर तिचा कायमचा ठसा उमटला.

१८०१ मध्ये मोस नॉयडॉर्फच्या खाणीत मुकादम म्हणून कामाला लागले. पण वर्षभरातच आयुष्याने वळण घेतलं. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नामध्ये फान डेर न्यूल नावाच्या एका बँकरकडे खनिजांचा मोठा संग्रह होता. त्यातले कित्येक नमुने काय आहेत, हेच ठरत नव्हतं. ते ओळखून यादी करण्याचं काम मोस यांच्याकडे आलं.

हे काम सोपं नव्हतं. एकच खनिज कधी पांढरं, कधी जांभळं, कधी गुलाबी असतं, तर दोन वेगळी खनिजं अगदी सारखी दिसतात. रंगावर विसंबावं तर फसगत होते. डोळ्यांना फसवणार नाही अशी खूण हवी होती.

दहा दगडांची मोजपट्टी

१८११ मध्ये ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातले आर्चड्यूक योहान यांनी ग्रात्स शहरात योआनेउम ही संस्था काढली. पुढच्याच वर्षी मोस तिथे प्राध्यापक झाले आणि तिथेच त्यांची मोजपट्टी आकाराला आली.

एका दगडाने दुसऱ्यावर ओरखडा पाडून बघायची युक्ती खाणकामगारांना आधीपासून ठाऊक होती. मोस यांनी तिला शिस्त लावली. त्यांनी दहा खनिजं निवडली आणि मऊपासून कठीणपर्यंत ओळीने लावली. १ क्रमांकावर टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरं. मग जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट, ॲपेटाइट. ६ वर फेल्डस्पार, ७ वर क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी, ८ वर टोपाझ, ९ वर कुरुंद आणि १० वर हिरा.

नियम एकच. वरच्या क्रमांकाचा दगड खालच्यावर ओरखडा पाडतो, खालचा वरच्यावर पाडू शकत नाही. यासाठी ना महागडं यंत्र लागतं, ना प्रयोगशाळा.

या मोजपट्टीची एक मर्यादाही आहे. हे आकडे फक्त क्रम सांगतात. ९ आणि १० मध्ये एकाच अंकाचा फरक दिसत असला, तरी हिरा प्रत्यक्षात कुरुंदापेक्षा कित्येक पट कठीण असतो.

काच कुठे बसते?

साधी काच या मोजपट्टीवर साधारण ५.५ वर येते. नख साधारण २.५ वर. म्हणून नखाने काचेवर ओरखडा पडत नाही. पण गारगोटीचा कण ७ वर आहे.

आता बुलढाण्याच्या जमिनीकडे पाहू. हा जिल्हा दख्खनच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या प्रदेशात येतो. लोणारचं प्रसिद्ध विवरही याच दगडात आहे. बेसॉल्टमध्ये भरपूर फेल्डस्पार असतं आणि त्याचा क्रमांक साधारण ६, म्हणजे काचेच्या वरचा. काळ्या मातीतला चिकणमातीचा भाग मऊ असतो, पण रस्त्यावरच्या धुळीत खडीचा चुरा आणि वाळूचे कणही मिसळलेले असतात. कोरडं फडकं हेच कण काचेवर दाबून फिरवतं. हात फडक्याचा, पण धार कणाची.

फिल्मचं गणित याहून नाजूक आहे. ती प्लॅस्टिकची असते आणि काचेपेक्षा बरीच मऊ. काचेवर टिकणार नाही असा कणही फिल्मवर रेघ ओढतो. कारखान्यातच रंग मिसळलेल्या काचेवर ओरखडा पडला तरी रंग जात नाही, कारण तो काचेच्या आतपर्यंत असतो. फिल्मवरचा खोल ओरखडा मात्र बुजवता येत नाही, फिल्मच बदलावी लागते. शिवाय कायद्याची चौकट आहेच. नियमांनुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काळ्या फिल्मविरुद्ध आदेश दिला होता.

मोठं स्वप्न मागे पडलं

मोस यांना स्वतःला ही मोजपट्टी आपलं सर्वांत मोठं काम वाटत नव्हतं. वनस्पती आणि प्राण्यांचं जसं वर्ग, कुळ, जात असं वर्गीकरण होतं, तसंच खनिजांचं व्हावं, हे त्यांचं खरं स्वप्न होतं. तेही रासायनिक घटक न बघता, फक्त बाह्य गुणांवरून. १८१७ मध्ये वेर्नर गेले आणि पुढच्या वर्षी मोस फ्रायबर्गला आपल्या गुरूंच्या जागी रुजू झाले. १८२२ ते १८२४ दरम्यान त्यांचा खनिजशास्त्रावरचा मुख्य ग्रंथ दोन भागांत आला. त्यांचे शिष्य विल्हेल्म हायडिंगर यांनी तो इंग्रजीत नेला. १८२६ मध्ये मोस व्हिएन्नात प्राध्यापक झाले.

पण रसायनशास्त्र झपाट्याने पुढे जात होतं. खनिज कशाचं बनलंय हे सांगता येऊ लागल्यावर फक्त बाह्य गुणांवर उभं असलेलं वर्गीकरण मागे पडलं. आयुष्यभराची मांडणी इतिहासजमा झाली आणि तिच्यातलं एक साधन तेवढं उरलं.

२९ सप्टेंबर १८३९ रोजी इटलीच्या प्रवासात आगोर्दो या गावी मोस यांचं निधन झालं. ते ६६ वर्षांचे होते. त्यांची मोजपट्टी आजही भूगर्भशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवली जाते. मोबाइलच्या स्क्रीनपासून घरातल्या फरशीपर्यंत ओरखड्याचा विषय निघाला की तिचा आधार घेतला जातो.

मग काच जपायची कशी?

मोस यांचा नियम लावला तर उत्तर सोपं आहे. कठीण कण आधी काढा, मग पुसा.

• काचेवर आधी भरपूर पाणी सोडा. धूळ वाहून गेल्यावरच स्वच्छ, मऊ मायक्रोफायबर कापडाने हलक्या हाताने पुसा.
• जमिनीवर पडलेलं कापड धुतल्याशिवाय वापरू नका.
• कोरड्या, धुळीने माखलेल्या काचेवर वायपर चालवू नका. आधी पाणी मारा.
• खिडकीच्या रबरी पट्टीत अडकलेली माती अधूनमधून काढा. काच वर-खाली होताना उभ्या रेघा बहुतेकदा तिथूनच येतात.
• फिल्म आतल्या बाजूला असते. तिथे घासणी, ब्लेड किंवा अमोनिया असलेला क्लीनर वापरू नका.

रेघ दिसलीच तर आधी ओल्या कापडाने पुसून बघा. खऱ्या ओरखड्याची खात्री अशीच करून घ्यावी लागते, कारण मऊ वस्तूची भुकटी कठीण वस्तूवर लागून राहिली तरी रेघ दिसते. पुसून गेली तर तो नुसता डाग होता. नाही गेली, आणि नख फिरवल्यावर अडकलं, तर ओरखडा खोल आहे.